चौकशीचा फोन

कनेरगाव नाक्यावर वाशिमकडं तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला जळबा पाईकरावचं वर्कशॉप लागतं. वर पत्रे, पुढं कडुलिंब आणि कडुलिंबाखाली एक लाकडी बाक. वर्कशॉपात गेट, ग्रिल, ट्रॉल्या आणि हळद शिजवायचे स्टीलचे मोठाले कुकर तयार होतात. बाकावर लग्नं जमतात. यातल्या दुसऱ्या कामाचा जळबाला छदाम मिळत नाही, पण जीव त्याचा त्यातच जास्त रमतो.

त्याचं असं आहे. आसपासच्या पंधरावीस गावांत आणि तांड्यांत एखाद्या मुलाचं स्थळ कुणाला सांगून आलं, की मुलीकडची माणसं थेट मुलाच्या गावात जात नाहीत. गावात भाऊबंद असतात, बांधाला बांध लागलेला असतो, तिथं खरं कोण सांगणार? ती नाक्यावर उतरतात, चहा घेतात आणि इकडचं तिकडचं बोलत बोलत मुलाबद्दल विचारतात. मात्र चौकशीला आलोय असं कुणीही म्हणत नाही. एखादा गेटचा भाव विचारायला येतो, पण गेटची रुंदी विचारली की गडबडतो. एखादा विम्याचा एजंट होऊन येतो. मागं एक बाई शाळा सोडलेल्या मुलांची गणती करायला आली होती आणि तिच्या यादीत एकच मुलगा होता, तोही सव्वीस वर्षांचा.

अशांना ओळखायला जळबाला दोन मिनिटं पुरतात. ओळखलं असं मात्र तो दाखवत नाही. तेवढी रीत तो पाळतो. गेटचा भाव सांगत सांगत तो मुलाची बाजू लावून धरतो. दोन एकर कोरडवाहूचं चार एकर बागायती होतं. पत्र्याच्या घरावर स्लॅब पडतो. कंत्राटी नोकरी कायम होते. आणि मुलगा कुणाकडं कामाला असेल तर तो कामाला उरतच नाही, मालक होतो, निदान भागीदार तरी. दोन गोष्टी मात्र जळबा कधी झाकत नाही, दारू आणि आधीचं लग्न. तसं काही असलं की तो एक शब्द बोलत नाही, नुसता चहा मागवतो. विचारणारा काय समजायचं ते समजतो आणि चहा संपवून पुढच्या गाडीनं परत जातो. बाकीच्या थापांना तो थापा मानत नाही. त्याचं म्हणणं, चौकशीला आलेला माणूस आपलं निम्मं कापूनच ऐकतो, मग आपण दुप्पट सांगितलं तरच खरं तेवढं बराबर त्याच्या पदरात पडतं.

अशी अठ्ठेचाळीस लग्नं आपण जमवली, असं जळबा सांगतो. त्याची बायको रुक्माबाई तोच आकडा एकोणचाळीस सांगते.

तर अशा या माणसाकडं आठ वर्षांपूर्वी देविदास कामाला आला. देविदास नेमसिंग आडे, नाक्यापासून चार किलोमीटरवरच्या तांड्यातला. हिंगोलीच्या आयटीआयमधून वेल्डरचा कोर्स करून आला होता, आणि कोर्स करून आलेल्या पोरांबद्दल जळबाचं मत काही बरं नव्हतं. त्यानं देविदासला पहिल्या दिवशी एक फाटलेली ट्रॉली दिली. देविदासनं ती संध्याकाळपर्यंत अशी जोडली की जोड कुठं आहे हे जळबाला बोटानं चाचपून शोधावं लागलं. दुसऱ्या दिवसापासून जळबा अवघड कामाला त्याच्याशिवाय कुणाला हातही लावू देईना. पातळ स्टीलचं बारीक वेल्डिंग हे तर फार अवघड काम, जरा हात रेंगाळला की भोक पडतं. देविदास ते भाकरी थापल्यासारखं सहज करायचा. पुसेगावपासून वाशिमपर्यंतचे हळदवाले शेतकरी कुकर घ्यायचा तर त्याच्याच हातचा घ्यायचे, कारण तो कुकर जोडातून वाफ सोडत नसे. जळबाला स्वतःला ते काम कधी जमलं नाही. हे अर्थात त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

जळबाला एकच मुलगी, करुणा. वर्कशॉपला लागून तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. ऑस्ट्रेलियाचं खूळ तिथून निघालं. तिकडच्या एका लहान गावात दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या कंपनीला पातळ स्टीलचे वेल्डर हवे होते आणि मिळत नव्हते. करुणानं देविदासला ते दाखवलं, दोघांनी माहिती काढली आणि मग वर्षभर नुसती धावपळ चालली. पासपोर्ट झाला. देविदास हैदराबादला जाऊन जोडकामाची परीक्षा देऊन आला, ती पहिल्याच फटक्यात निघाली. इंग्रजीची परीक्षा दुसऱ्या खेपेला निघाली, तीही करुणानं त्याला सहा महिने रोज संध्याकाळी तासभर बडवल्यावर. कंपनीनं नोकरीचं पत्र पाठवलं. कुशल कामगाराच्या व्हिसाचा अर्ज भरला गेला. आता एकच गोष्ट राहिली होती. हा माणूस खरोखरच स्वतःच्या हातानं वेल्डिंगचं काम करतो, सांगितलेल्या ठिकाणी करतो आणि सांगितलेली वर्षं करतोय, याची तिकडच्या सरकारला खात्री पटायला हवी होती. ती पटली की देविदासचं नशीब उघडलं, नाही पटली तर वर्षभराची मेहनत पाण्यात.

जळबा बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आमचा देविदास ऑस्ट्रेलियाला चालला. छाती फुगवून सांगायचा. घरी आला की मात्र भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुर करायचा, आणि मीठ तर बरोबर असायचं. रुक्माबाईनं काय ते ओळखलं होतं.

करुणानं त्याला बजावून ठेवलं होतं की तिकडच्या ऑफिसातून खात्री करायला तुम्हाला फोन येऊ शकतो. आला तर घाबरायचं नाही, सरळ फोन मला आणून द्यायचा. जळबानं मान डोलावली. ऑस्ट्रेलियाचा फोन म्हणजे कुणी गोरा माणूस भरभर इंग्रजीत बोलणार, अशी त्याची पक्की समजूत झाली. आणि त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट चालू होती. तीन वर्षं मुली बघून थकलेल्या देविदासच्या घरच्यांना सेनगावकडचं एक चांगलं स्थळ सांगून आलं होतं. मुलगी शिकलेली, घरचे शिकलेले. देविदासची आई मिराबाई स्वतः वर्कशॉपात येऊन जळबाला सांगून गेली होती, भाऊ, चौकशी तुमच्याकडंच येईल, जरा बघा.

जानेवारीतल्या एका गुरुवारी दुपारी फोन आला. हळदीचा हंगाम तोंडावर होता, चार कुकर व्हायचे होते. देविदास सिद्धेश्वर धरणाकडं कुणाच्या तरी पाण्याच्या मोटारीचा पाइप जोडायला गेला होता आणि करुणा हिंगोलीला. फोनवर बाई होती, स्वच्छ मराठी बोलणारी. म्हणाली, मी दिल्लीहून बोलतेय, व्हिसाच्या ऑफिसातून. देविदास आडे यांच्याबद्दल थोडी माहिती हवी आहे.

जळबा गालातल्या गालात हसला. गेटचा भाव, विमा, शाळेची गणती हे सगळं त्यानं पाहिलं होतं. व्हिसाचं ऑफिस नवीन होतं. शिकलेलं घर दिसतंय, डोकं चांगलं चालवलं, असं मनात म्हणून तो बाकावर ऐसपैस बसला आणि त्यानं मन लावून उत्तरं दिली.

देविदास तुमच्याकडं कामाला आहे का, असं तिनं विचारलं. कामाला कशाचा, जळबा म्हणाला, दुकान त्याचंच आहे, मी आपला नावाला बसतो. तो स्वतः वेल्डिंग करतो का? छे छे, हाताखाली सहा माणसं आहेत, तो फक्त नजर ठेवतो. हातात वेल्डिंगचा होल्डर धरून त्याला चार वर्षं झाली असतील. डोळे अगदी शाबूत आहेत हो, असंही त्यानं आपणहून सांगितलं, कारण वेल्डरचे डोळे जातात अशी मुलीकडच्यांना नेहमी धास्ती असते. दिवसाचे किती तास काम करतो? मनाचा राजा आहे, येतो कधीही, जातो कधीही. आत्ता आहे का तिथं? आत्ता तो स्वतःची गाडी घेऊन धरणावर फिरायला गेलाय. बाई सगळं लिहून घेत असावी, कारण मधूनमधून थांबत होती. जळबालाही ते बरं वाटलं. एवढ्या नीटपणानं चौकशी करणारी माणसं आता राहिली नाहीत.

शेवटी तिनं परदेशी जाण्याबद्दल विचारलं. जळबा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "त्याचं काही खरं न्हाई बाई. खूळ हाय त्ये, दोन महिन्यांत उतरंल. कुठं जात न्हाई तो नाका सोडून."

बाईनं आभार मानले. जळबानं मिराबाईला निरोप धाडला की काळजी करू नका, चौकशी झाली, मी सगळं बराबर केलं.

तीन आठवड्यांनी ईमेल आलं. करुणानं ते आधी एकटीनं वाचलं, मग परत वाचलं, आणि मग कागद छापून वर्कशॉपात आली. देविदास कुकरच्या आत अर्धा शिरून काम करत होता, त्याला तिनं बाहेर बोलावलं. रुक्माबाई डबा घेऊन आलेली होतीच. करुणानं इंग्रजीतलं एकेक वाक्य मराठीत करून सांगायला सुरुवात केली. अर्जदार वेल्डर असल्याचं सांगतो, पण त्याच्या मालकाच्या म्हणण्यानुसार अर्जदार स्वतःच व्यवसायाचा मालक आहे. त्यानं चार वर्षांत वेल्डिंग केलेलं नाही. त्याच्या कामाच्या वेळा ठरलेल्या नाहीत. फोन केला त्या वेळी, कामाच्या दिवशी दुपारी, तो धरणावर फिरायला गेला होता. त्याचे डोळे शाबूत आहेत. हे शेवटचं त्यांनी का लिहिलं ते कळत नाही, असं करुणा म्हणाली.

रुक्माबाईला मात्र पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. तिनं डबा खाली ठेवला आणि नवऱ्याकडं पाहिलं. जळबा कडुलिंबाकडं बघत होता. आपलीच वाक्यं ऑस्ट्रेलियाला जाऊन इंग्रजीतून परत आल्यावर इतकी वाईट ऐकू येतील असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तो बाकावर बसला आणि सगळं कबूल केलं. मी समजलो सेनगावची पार्टी हाय, एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

कागदावर अजून एक ओळ होती. करुणानं ती वाचायचं टाळलं, पण देविदासनं कागद तिच्या हातातून घेतला. इंग्रजी त्याला आता येत होतं. त्यानं वाचलं आणि फक्त एक प्रश्न विचारला.

"मामा, खूळ हाय, उतरंल, हे बी तुमीच म्हणले?"

"पोरीकडच्याला भ्या वाटू नये म्हणून म्हणलो," जळबा म्हणाला. "लेकरू परदेशात जाणार म्हणलं तर कोण पोरगी दील?"

देविदासनं मान हलवली, वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढली आणि पुन्हा कुकरमध्ये शिरला. संध्याकाळपर्यंत तो बोलला नाही. आरडाओरडा केला असता तर जळबाला सोसलं असतं. ही शांतता त्याला सोसेना. तो घरी गेला आणि जेवला नाही, आणि मिठाबद्दलही काही बोलला नाही.

खुलासा द्यायला अठ्ठावीस दिवस होते. करुणा पदर खोचून कामाला लागली. बँकेत दर महिन्याला पडणारा देविदासचा पगार, वर्कशॉपची कागदपत्रं, आठ वर्षांतले फोटो, हे तिनं गोळा केलं. देविदासचा काम करतानाचा व्हिडिओ काढला. त्यात मागं जळबा उभा होता आणि त्यानं तोंड उघडायचं नाही अशी सक्त ताकीद होती. मग ज्यांनी कुकर घेतले त्या शेतकऱ्यांकडून दोन दोन ओळी लिहून आणायच्या ठरल्या. पुसेगावच्या सुदामरावांचा कागद सगळ्यात आधी आला. त्यांनी लिहिलं होतं की देविदास आडे हे आमच्या भागातले मोठे उद्योजक असून त्यांनी अनेकांना रोजगार दिला आहे. करुणानं कपाळावर हात मारून घेतला. पोराचं भलं होतंय म्हटल्यावर सुदामरावांनी हात आखडता घेतला नव्हता. ती स्कूटी काढून पुसेगावला गेली आणि समोर बसून त्यांच्याकडून नुसतं एवढंच लिहून घेतलं की माझा कुकर देविदासनं जोडला, मी स्वतः उभा राहून पाहिलं. सुदामरावांना ते फार कोरडं वाटलं. त्यांनी सही केली, पण नाराजीनं केली.

मुख्य अडचण निराळीच होती. मालक एकदा एक बोलतो आणि पत्रात दुसरं लिहितो, मग खरं काय, असं कुणीही म्हणेल. जळबानं खोटं का सांगितलं हे लिहायलाच हवं होतं. करुणा लिहायला बसली आणि तिसऱ्या ओळीला थांबली. सिडनीत की कुठं बसलेल्या माणसाला हे कसं पटवायचं, की आमच्याकडं अनोळखी माणसानं कुणाची माहिती विचारली तर ती लग्नाची चौकशी समजतात, आणि लग्नाच्या चौकशीत कामगाराला मालक म्हणायची पद्धत आहे? तिला स्वतःलाच ते वाचून हसू येत होतं.

तेव्हा रुक्माबाई म्हणाली, "माझा कागद जोड. मी लिहून देते."

आणि तिनं बत्तीस वर्षांत कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिचे वडील औंढ्याकडून जळबाची चौकशी करायला याच नाक्यावर आले होते, बैल विकत घ्यायचा आहे असं सांगून. तेव्हाच्या चहावाल्यानं त्यांना सांगितलं की हे समोरचं वर्कशॉप जळबाचंच आहे. प्रत्यक्षात जळबा तिथं रोजंदारीवर लोखंड कापत होता. "मला आठव्या दिवशी कळलं," रुक्माबाई म्हणाली. "म्हणलं, असू दे. माणूस कामाचा हाय."

जळबा हे पहिल्यांदाच ऐकत होता. आपल्याबद्दल चहावाल्यानं काय सांगितलं हे त्याला माहीत होतं, पण बायकोला आठव्या दिवशीच कळलं हे नव्हतं. गेली बत्तीस वर्षं तो तिला सांगत आला होता की तेव्हा वर्कशॉपात माझी थोडी भागीदारी होती. त्याचे कान लाल झाले. करुणा हसून हसून टेबलावर आडवी झाली आणि देविदाससुद्धा कितीतरी दिवसांनी हसला.

रुक्माबाईचा कागद करुणानं शब्दाला शब्द लावून इंग्रजीत केला. लग्नाच्या वेळी माझे पती वर्कशॉपचे मालक आहेत असे माझ्या वडिलांना सांगण्यात आले. ते मालक त्यानंतर चौदा वर्षांनी झाले. आमच्या भागात अशीच पद्धत आहे आणि माझी काही तक्रार नाही. खाली रुक्माबाईची सही, ठसठशीत. खुलासा एकविसाव्या दिवशी गेला.

पुन्हा फोन येणार हे आता सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. म्हणून रोज दुपारी जेवण झालं की जळबाची तालीम सुरू झाली. करुणा दिल्लीची बाई व्हायची आणि प्रश्न विचारायची. रुक्माबाई स्टीलचं पातेलं आणि चमचा घेऊन शेजारी बसायची. जळबानं वाढवून सांगितलं की चमचा पातेल्यावर पडायचा. पहिल्या दिवशी पातेलं अकरा वेळा वाजलं. तुमच्याकडं किती कामगार आहेत, या साध्या प्रश्नाला जळबा पाच म्हणाला; पातेलं वाजलं. चार, परत वाजलं. मग फार कष्टानं तीन म्हणाला. खरं बोलायला इतकी तकलीफ होते हे त्याला या वयात कळत होतं. एवढ्या वर्षांची सवय जिभेला, ती आपोआपच पुढं धावायची. नाक्यावरची माणसं चहा घ्यायच्या निमित्तानं तालीम बघायला येऊन बसू लागली. आठवडाभरात पातेलं दोनदा वाजू लागलं, मग एकदा, आणि एके दिवशी अजिबात वाजलं नाही. त्या दिवशी रुक्माबाईनं शिरा केला.

देविदास तालमीला कधी बसला नाही. तो आत काम करत राहायचा. जळबाशी आता तो बोलत होता, हसत होता, पण काहीतरी मधे होतं, आणि ते काय आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. कागदावरच्या त्या शेवटच्या ओळीचं नाव कुणीच काढत नव्हतं. खुलाशात करुणानं तेही मुलीकडच्यांच्या नावावर खपवलं होतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. तीच बाई, तसाच आवाज. जळबानं फोन करुणाला देऊ केला, पण बाई म्हणाली मला मालकांशीच बोलायचंय. करुणानं स्पीकर लावला. देविदासनं मशिन बंद केलं आणि हातातला होल्डर तसाच धरून तो दारात येऊन उभा राहिला. रुक्माबाईनं पातेलं नाही, पण चमचा तेवढा उचलला होता.

देविदास आडे तुमच्याकडं कामाला आहेत का?

"व्हय. कामाला हाय. आठ वर्षं झाली."

मालक कोण?

"मी. भागीदार कोणी न्हाई. तीन कामगार हायेत, त्यातला तो एक."

ते स्वतः वेल्डिंग करतात?

"रोज. नवापासून सहापर्यंत. हंगामात जास्त. आत्ता बी हातात होल्डर हाय त्याच्या. पातळ स्टीलचं काम माझ्यापेक्षा चांगलं करतो. खरं म्हणजे मला त्ये येतच न्हाई."

रुक्माबाईचा चमचा वर गेला होता तो तिथंच थांबला, कारण हे खरं होतं. ते खरं आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त जळबाच्या तोंडून ते कधी कुणी ऐकलं नव्हतं.

बाई लिहीत असावी. थोड्या वेळानं ती म्हणाली की तुम्ही पाठवलेला खुलासा मी वाचला, तुमच्या पत्नीचा कागदही वाचला. हे म्हणताना तिचा आवाज जरा मऊ झाल्यासारखा वाटला, पण तो लगेच सावरला. एकच राहिलंय, ती म्हणाली. मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं की परदेशी जायचं हे त्यांचं खूळ आहे, ते जाणार नाहीत. तेही लग्नासाठीच सांगितलं का?

करुणानं जोरजोरात मान डोलावली, हो म्हणा, हो म्हणा. खुलाशात तसंच लिहिलं होतं आणि तेच सोयीचं होतं. जळबानं लेकीकडं पाहिलं, मग दाराकडं.

"न्हाई बाई," तो म्हणाला. "बाकी सगळं सवयीनं बोललो, पोराचं लगीन जमावं म्हणून. त्ये मात्र मनातलं होतं. तो जाऊ नये असं मला वाटून राहिलं होतं. आता बी वाटतं. पण त्याचं खूळ न्हाई त्ये. वर्षभर राबला त्यासाठी. तुमी व्हिसा दिला की तो जाईल. जायलाच पायजे त्यानं."

मग बाई म्हणाली, धन्यवाद, आणि फोन ठेवला. करुणानं डोकं धरलं. देविदास दारात उभा होता तो वळला आणि त्यानं मशिन परत चालू केलं. जळबाला वाटलं, संपलं सगळं. खोटं बोलून एकदा वाट लावली, आता खरं बोलून लावली.

त्यानंतरचे सोळा दिवस नाक्यावर कुणी जळबाला व्हिसाचं काही विचारलं नाही. हळद शिजायला लागली होती, रानारानातून वाफ निघत होती, आणि कुकरच्या दुरुस्तीला माणसं येत होती. या दिवसांत सेनगावची खरी पार्टीसुद्धा येऊन गेली. ते मीटर तपासायला आलो म्हणाले. जळबानं त्यांना सगळं खरं सांगितलं, तेही एका दमात. मुलगा कामाला आहे, घर पत्र्याचं आहे, आणि व्हिसा झाला तर तो परदेशी जाणार. ती माणसं इतकी गोंधळली की हा मुलाच्या वाईटावर आहे की काय असं त्यांना वाटलं. तरी त्यांनी स्थळ सोडलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मुलगी बघायला या म्हणून कळवलं.

सतराव्या दिवशी दुपारी करुणा दुकानातून पळतच आली. चप्पल तिची दारातच राहिली होती. व्हिसा मंजूर झाला होता. रुक्माबाईनं देविदासच्या तोंडात साखर घातली, कारण तेवढीच हाताशी होती. समोरच्या हॉटेलवाल्यानं चहाची किटलीच उचलून आणली. तांड्यात फोन गेला आणि अर्ध्या तासात नेमसिंग आणि मिराबाई मोटारसायकलवरून येऊन दाखल झाले. मिराबाई रडली, हसली आणि परत रडली. ज्याला त्याला जळबा सांगत होता, आमचा देविदास ऑस्ट्रेलियाला चालला. या वेळी त्यानं यात एक शब्दही वाढवला नाही.

माणसं पांगली. सगळे गेल्यावर देविदास बाकावर जळबाच्या शेजारी येऊन बसला. दोघं रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रका बघत राहिले. शेवटी जळबाच म्हणाला की माझ्यामुळं तुला दोन महिने घोर लागला, मनात ठेवू नको.

"त्या दिशी कागदात त्ये वाचलं ना मामा," देविदास म्हणाला, "तवा मला आधी राग आला. मंग घरी गेलो. बा म्हणला, जा. आई म्हणली, जा, आमची फिकीर करू नको. करुणाताईनं तर फॉर्मच भरला. अख्खा तांडा जा जा करून राहिला. एवढ्या माणसांत जाऊ नको म्हणणारं एक बी न्हाई. तुमीच एकटे म्हणले. त्ये बी मला न्हाई, दिल्लीच्या बाईला."

जळबानं गमछ्यानं तोंड पुसलं. ऊन तसं फार नव्हतं.

"आता म्हणू का?" त्यानं विचारलं.

"म्हणा."

"जाऊ नको रे पोरा."

देविदास हसला. मग त्यानं वाकून जळबाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"येतो, मामा," तो म्हणाला.